कंबरेत सुई देण्याआधी पायाचा पंजा उचलून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'ऑपरेशनविना, इंजेक्शनने कंबरदुखी-गुडघेदुखीवर इलाज' अशा पाट्या आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या आहेत. नसेचा ब्लॉक (सुईने औषध देऊन नस बधिर करणे), मणक्याजवळचे इंजेक्शन, रेडिओफ्रीक्वेन्सीने नस भाजणे हे उपचार खरे आहेत. योग्य रोग्याला ते मोठा आराम देतात आणि विदर्भाच्या खेड्यांत ते यायलाच हवेत. आमचे म्हणणे त्याच्या एक पायरी आधीचे आहे. दुखणे कुठल्या नसेचे आहे हे ठरवणारा न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-नसांचा डॉक्टर, मोठ्या शहरात बसतो, आणि त्या नसेपर्यंत सुई नेणारा डॉक्टर दुसरीकडेच असतो. मधल्या रस्त्यावर रोग्याचे निदान हरवते. न्यूरोलॉजी शिकलेल्या तरुणांनी सुईचे कामही रीतसर शिकावे, जिल्ह्याच्या ठिकाणी दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत, आणि शासनाने त्यांना ती वाट मोकळी करून द्यावी, यासाठी हे पत्र.

सोयाबीनची सोंगणी घ्या. मजूर उकिडवा बसून दिवसभर विळा चालवतो, बसल्या बसल्याच पुढे सरकतो. निंदणातही बायकांची तीच बैठक. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडे खाली, हाडाचा एक छोटा गोळा हाताला लागतो. त्याला वळसा घालून पेरोनियल नस पायाकडे उतरते, आणि त्या जागी तिच्यावर कातडीखेरीज फारसे आवरण नसते. गुडघा पूर्ण दुमडून तासन्‌तास बसले की नस तिथेच दबते. मग पंजा उचलत नाही, चप्पल पायातून गळते, चालताना पाऊल फटफट आपटते. बारीक अंगाच्या किंवा वजन पटकन उतरलेल्या माणसाला हे लवकर होते. आता या माणसाची कंबरही दुखत असते, कारण सोंगणीच्या दिवसांत कोणाची दुखत नाही? एमआरआय काढला की मणक्यांमधली चकती थोडी फुगलेली बहुधा दिसते. काहीही न दुखणाऱ्या माणसांतही चाळिशीच्या सुमारास जवळपास निम्म्यांच्या चकत्या तशा दिसतात. पण हातात रिपोर्ट आला की 'मणक्यात गॅप आहे, नस दबली' असे ठरते, आणि सुई कंबरेत जाते. दबलेली नस असते गुडघ्याजवळ.

हे ओळखायला यंत्र लागत नाही, पाच मिनिटे लागतात. रोग्याला उताणे झोपवायचे. पंजा वर उचलण्याचा जोर दोन्ही आजारांत कमी असतो, म्हणून त्यावरून काहीच ठरत नाही. पुढची पायरी महत्त्वाची. पंजा आपल्या हाताने काटकोनात धरायचा आणि रोग्याला तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगून विरोध करायचा. पंजा लोंबता ठेवून हीच तपासणी केली तर हा स्नायू उगाच कमजोर भासतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. कंबरेतली पाचवी नस (डॉक्टरांच्या बोलीत एल-५) दबली असेल तर आत वळवण्याचा जोरही गेलेला असतो. गुडघ्याजवळचा दाब असेल तर तो शाबूत असतो. मग रोग्याला कुशीवर वळवून वरचा पाय छताकडे उचलायला लावायचा. कंबरेतली नस दबलेली असेल तर हाही जोर कमी पडतो, गुडघ्याजवळच्या दाबात पडत नाही. शेवटी त्या हाडाच्या गोळ्यावर बोटाने हलके ठोकायचे. पंज्याच्या वरच्या भागापर्यंत मुंग्या गेल्या तर उत्तर जवळपास मिळालेच. इलाज काय, तर उकिडवे बसणे आणि पायावर पाय टाकून बसणे बंद करायचे, घोटा काटकोनात धरणारी पट्टी बांधायची, आणि थांबायचे. केवळ दाबाने सुन्न झालेली नस बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत कामाला लागते. सुधारणा दिसली नाही तर गाठ वगैरे नाही ना, हे पाहावे लागते.

शंका उरली तर नसांच्या वेगाची तपासणी म्हणजे एनसीएस, आणि स्नायूत सुई घालून ईएमजी. हे न्यूरोलॉजिस्टचे रोजचे काम, तरी त्यातही खाचा आहेत. कंबरेत नस दबली असली तरी पायाच्या संवेदनेचा एनसीएस बहुधा नॉर्मल येतो, कारण दाब संवेदनेच्या पेशींच्या गाठीच्या अलीकडे, कण्याच्या बाजूला, असतो आणि तिच्यापलीकडचे, पायाकडे जाणारे तंतू जिवंत राहतात. म्हणून 'एनसीएस नॉर्मल, म्हणजे मणका ठीक' असे म्हणता येत नाही. पायाच्या स्नायूत ईएमजीचे बदल दिसायला साधारण तीन आठवडे लागतात, त्याआधी केलेली तपासणी फसवते. आणि पूर्व विदर्भातल्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गार पडलेल्या हातापायांवर एनसीएस केला तर चांगल्या नसेचा वेगही मंद येतो आणि धडधाकट माणसाला नसांचा आजार चिकटतो. हाताची कातडी किमान ३२ अंशांवर आणूनच यंत्र लावावे. गरम पाण्यात हात बुडवून ठेवले की काम भागते.

कोपराचेही असेच. कोपर दुखते, करंगळीत मुंग्या येतात, म्हणून तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. ज्या विदर्भात कुष्ठरोग्यांसाठी दत्तपूर आणि आनंदवन उभे राहिले, त्या विदर्भात कोपराच्या आतल्या खाचेतली नस बोटांनी चाचपल्याशिवाय तिथे सुई देणे आम्हाला मान्य नाही. दोन्ही हातांच्या नसा ताडून पाहायच्या. एका बाजूची जाड आणि दाबल्यावर दुखणारी लागली, अंगावर कुठे फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा असला, तर तो कुष्ठरोगाचा नसदाह समजून चालावे. त्याला पोटातून प्रेडनिसोलोन लागते, साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून किमान १२ आठवड्यांत हळूहळू उतरवायचे, आणि सोबत कुष्ठरोगाची औषधे. इंजेक्शनने दुखणे चार दिवस दबते, तेवढ्यात बोटे वाकडी होतात. ती बहुधा आपोआप पुन्हा सरळ होत नाहीत.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पट्टा आपलाच. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर भागातल्या तरुण मुलाची जांघ किंवा मांडी दुखत असेल, तर मणक्याआधी खुबा पाहायचा. मांडी आत वळवली आणि जांघेत कळ आली, तर खुब्याचा गोळा रक्ताअभावी झिजत असण्याची शक्यता मोठी. अशा मुलाला सिकलसेलची तपासणी न करता स्टेरॉइड देणे धोक्याचे आहे, त्याने वेदनेचा मोठा झटका उसळू शकतो. सॉल्युबिलिटीची साधी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर होण्यासारखी आहे. ती सकारात्मक आली की पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यायची.

आणखी काही दुखणी अशी की तिथे सुई पोचण्याआधी डॉक्टरचे डोके पोचले पाहिजे. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप, वजनात घट, एका मणक्यावर ठोकले की दुखणे, हा मणक्याचा क्षयरोग असू शकतो. स्टेरॉइड तिथे आगीत तेल ओतते. पाठ आणि पाय दुखू लागून दोनचार दिवसांत पायांतली शक्ती उतरत गेली आणि गुडघ्याचा झटका म्हणजे रिफ्लेक्स येईनासा झाला, तर तो गियाँ-बारे हा नसांचा झपाट्याने वाढणारा आजार असू शकतो. हा रोगी कंबरेच्या इंजेक्शनाच्या रांगेत नको, श्वास मोजणाऱ्या अतिदक्षता विभागाजवळ हवा. लघवी तुंबली आणि बसायच्या जागेची संवेदना गेली, तर शस्त्रक्रियेची तातडी आहे, तिथे दिवस नाही, तास मोजायचे. फवारणीच्या विषबाधेने २०१७ साली यवतमाळ जिल्हा हादरला होता. काही ऑरगॅनोफॉस्फेट औषधांच्या विषबाधेतून वाचलेल्या माणसाला दोनतीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे, मुंग्या आणि मग दोन्ही पंज्यांत ढिलेपणा येऊ शकतो. त्याचाही मणक्याशी संबंध नसतो, म्हणून फवारणी केली का, कधी केली, हा प्रश्न पाय दुखणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला विचारायचा.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मग न्यूरोलॉजिस्ट पुरे, सुईची गरज काय. तसे मुळीच नाही. नेमके निदान करून गोळी लिहिली आणि गोळी पुरी पडली नाही, तर न्यूरोलॉजिस्टचे हात तिथे थांबतात. रोगी मात्र दुखतच राहतो.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया पाहा. गालात, ओठात, हिरडीत विजेचा झटका बसावा तशी कळ, काही सेकंदांची. दात घासताना, घास घेताना, मोटारसायकलवर वारा लागला की येते. अनेकांचे चांगले दात या कळेपायी काढले जातात, आणि कळ तशीच राहते. कार्बामाझेपिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून दर काही दिवसांनी वाढवत नेतात. बहुतेकांना सुरुवातीलाच फरक पडतो, आणि तोच निदानाचा मोठा पुरावा. अंगावर पुरळ उठले तर गोळी त्याच दिवशी बंद, आणि म्हाताऱ्या माणसात रक्तातले सोडियम तपासत राहायचे. एमआरआय एकदा करून गाठ किंवा एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतल्या तंतूंच्या आवरणाचा आजार) नाही याची खात्री करायची. गोळीचा डोस वाढून चक्कर आणि झोप सोसवेनाशी झाली की दोन वाटा उरतात. तरुण, धडधाकट माणसाच्या नसेवर रक्तवाहिनी टेकलेली दिसली तर न्यूरोसर्जनची शस्त्रक्रिया जास्त टिकते. वय झालेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसासाठी रेडिओफ्रीक्वेन्सी. ओठाच्या कोपऱ्याच्या साधारण तीन सेंटिमीटर बाहेरून सुई गालातून कवटीच्या तळाशी असलेल्या फोरामेन ओव्हेल या भोकापर्यंत सी-आर्म या चालता एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली नेतात. मग रोग्याला जागे करून ५० हर्ट्‌झचा हलका प्रवाह देतात आणि मुंग्या कुठे येतात ते विचारतात. त्याची कळ ज्या जागी असते त्याच जागी मुंग्या आल्याशिवाय नस तापवायची नाही. तापवणे साधारण ६५ ते ७० अंशांवर, ६० सेकंद. सुई कपाळाच्या फांदीकडे सरकली असेल तर बुबुळाची संवेदना जाते आणि पुढे डोळ्यात फूल पडू शकते. हे सगळे समजावून, गाल काही महिने सुन्न राहील हे सांगूनच संमती घ्यावी. हा उपचार कायमचा नाही, काही वर्षांनी कळ परतते, तेव्हा तो पुन्हा करता येतो.

डोकेदुखीतही दोन्ही विद्या लागतात. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोके दुखते, त्यातले किमान आठ मायग्रेनचे, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर तो क्रॉनिक मायग्रेन. पण त्याआधी किराणा दुकानातून घेतलेल्या गोळ्या मोजायच्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस, किंवा दोनतीन औषधे एकत्र असलेली १० दिवस, असे महिनोन्‌महिने चालले तर डोकेदुखी गोळीनेच वाढलेली असू शकते. ती गोळी थांबवण्याच्या दिवसांत मानेच्या मागच्या ऑक्सिपिटल नसेचा ब्लॉक फार उपयोगी पडतो. डोक्याच्या मागचा हाडाचा उंचवटा आणि कानामागचे हाड यांच्यामधल्या रेषेचे तीन भाग करायचे. आतल्या एकतृतीयांशावर धमनीचा ठोका लागतो, त्याच्या आतल्या बाजूला दोनतीन मिलिलिटर लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन. खर्च मामुली, यंत्र लागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. एक कडक पथ्य आहे. तिथे पूर्वी कवटीचे ऑपरेशन होऊन हाड काढलेले असेल तर सुई द्यायची नाही, औषध थेट मेंदूभोवती जाऊन रोगी बेशुद्ध पडू शकतो. बोटुलिनमच्या (बोटॉक्सच्या) इंजेक्शनांचा मार्गही आहे, १५५ युनिट, ३१ जागी, दर १२ आठवड्यांनी. पण ती कुपी २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. चंद्रपूरच्या मे महिन्यात आणि भारनियमनात नागपूरहून बसने आलेल्या कुपीचा आम्हाला भरवसा वाटत नाही. बर्फाच्या पेटीत, तापमापकासह आणली तरच ती वापरावी.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे दुखणे हा तर वेगळा डोंगर. जबडा उघडत नाही, कानापर्यंत ठणका जातो, पॅरासिटामॉलवर माणूस रात्र काढतो. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन दर चार तासांनी, सुरुवातीला ५ ते १० मिलिग्रॅम, आणि पहिल्याच दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचे औषध. हा बद्धकोष्ठाचा भाग विसरला की रोगी मॉर्फिनच सोडून देतो. एनडीपीएस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह सहा औषधे 'अत्यावश्यक अमली औषधे' ठरली आणि त्यांच्यासाठी देशभर एकसारखी, सोपी मान्यतेची पद्धत आली. ही मान्यता प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने घ्यावी आणि साठा कोरडा पडू देऊ नये. मॉर्फिन पुरेना झाले तर जबड्याच्या नसेचा ब्लॉक.

आता सुईच्या कामातल्या धोक्यांकडे. न्यूरोलॉजिस्टला हे काम वरवर सोपे वाटते, कारण शरीररचना त्याला पाठ असते. पडद्यावरच्या सपाट चित्रावरून सुईची खोली ओळखणे हे वेगळेच कसब आहे आणि ते दुसऱ्याच्या देखरेखीखाली हात बसल्याशिवाय येत नाही. कंबरेच्या नसेच्या मुळाशी इंजेक्शन द्यायचे तर सी-आर्म तिरका करून मणक्याचे ते कुत्र्याच्या आकाराचे चित्र आणायचे, २२ गेजची सुई वरच्या पेडिकलच्या (मणक्याच्या हाडाच्या दांड्याच्या) खाली न्यायची, आणि मग बाजूचे चित्र घेऊन खोली पाहायची. औषधाआधी एकदोन मिलिलिटर डाय (एक्स-रेत दिसणारे द्रव्य), चालत्या चित्राखाली. डाय नसेच्या कडेने पसरला तर ठीक. क्षणात धुऊन निघून गेला तर सुई रक्तवाहिनीत आहे. सिरिंज ओढल्यावर रक्त आले नाही यावर विसंबू नये, रक्तवाहिनीत असूनही ते येत नाही असे घडते. कंबरेच्या वरच्या भागात, बहुधा डावीकडून, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त पुरवणारी ॲडमकिविझची धमनी येते. कणयुक्त स्टेरॉइड, म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोन, तिच्यात गेले तर मज्जारज्जू बाद होऊन दोन्ही पाय कायमचे जातात. मानेत तर मेंदूचा मागचा भाग जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. म्हणून नसेच्या मुळाशी देताना आम्ही डेक्सामेथासोन, जे पाण्यासारखे स्वच्छ असते, तेच पहिले धरतो, आणि मानेत दुसरे वापरतच नाही.

शिबिरांतले औषध मोजून दिले जात नाही, ही आमची मोठी तक्रार आहे. कापूस वेचणाऱ्या बाईचे वजन ४० किलो असते. बुपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम धरली तर तिच्यासाठी ८० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या टक्क्याचे औषध फक्त १६ मिलिलिटर, आणि तेही दोन्ही टोंगळे म्हणजे गुडघे, कंबर, खांदा सगळे मिळून. मर्यादा ओलांडली किंवा औषध रक्तात गेले तर तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, मग झटके, मग हृदय थांबणे. त्यावर २० टक्क्यांचे लिपिड इमल्शन (चरबीचे द्रावण) लागते, किलोमागे दीड मिलिलिटर, म्हणजे तिला ६० मिलिलिटर लगेच शिरेतून. ज्या खोलीत लिपिडची बाटली, ऑक्सिजन आणि श्वासनलिकेत नळी टाकता येणारा माणूस नाही, तिथे ब्लॉक होऊ नयेत. एकाच मोठ्या कुपीतून दहा जणांना स्टेरॉइड देणेही बंद व्हावे. २०१२ साली अमेरिकेत दूषित मिथाइलप्रेडनिसोलोनच्या कुप्यांमुळे ७०० हून अधिक लोकांना बुरशीचे मेनिंजायटिस व इतर संसर्ग झाले आणि ६० हून अधिक दगावले. मधुमेही माणसाची साखर स्टेरॉइडनंतर काही दिवस वर राहते, हे त्याला आधी सांगावे, नाहीतर तो इन्सुलिनचा डोस तसाच ठेवतो.

दोन्ही विद्या एका माणसाकडे का हव्यात, याचे सगळ्यात ठळक उदाहरण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे. कण्याभोवती सुई द्यायची तर क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस आणि वॉर्फरिन ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा अंक) पाहावा लागतो, नाहीतर कण्याभोवती रक्त साचून पाय जाऊ शकतात. पण हीच गोळी लकव्यानंतर दिलेली असते. सुईसाठी ती कोणी सहज बंद करतो आणि आठव्या दिवशी दुसरा लकवा येतो. लकवा ताजा असेल, पहिल्या तीन महिन्यांतला, तर आमच्या मते गोळी चालू ठेवावी आणि सुई पुढे ढकलावी. मणक्यांमधल्या फॅसेट सांध्याच्या छोट्या नसांचा ब्लॉक असेल तर बहुधा गोळी थांबवायची गरजच नसते. गोळी देणारा आणि सुई देणारा एकच असेल तर हा हिशेब एका डोक्यात होतो.

वाटेबद्दल थोडे, कारण तरुण डॉक्टर आणि त्यांचे आईवडील हे वाचत असतील. एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी मेडिसिन तीन, डीएम न्यूरोलॉजी तीन. त्यावर वेदनाचिकित्सेचे किमान एक पूर्ण वर्ष. आठवड्याभराच्या कार्यशाळेने हे काम येत नाही. अमेरिकेत पेन मेडिसिनची एक वर्षाची मान्यताप्राप्त फेलोशिप भूलशास्त्राबरोबर न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांनाही खुली आहे. आपल्याकडे बहुतेक फेलोशिप भूलशास्त्र विभागांच्या आधाराने वाढल्या, आणि त्यात गैर काही नाही. श्वासमार्ग सांभाळणे, भूल देणे, कोसळलेल्या रोग्याला परत आणणे यात भूलतज्ज्ञांचा हात न्यूरोलॉजिस्टला कधी येणार नाही. त्यांची जागा घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. भूलतज्ज्ञाने सहा महिने न्यूरोलॉजीच्या ओपीडीत बसावे आणि न्यूरोलॉजिस्टने वर्षभर त्यांच्या टेबलाशी उभे राहावे, असे आमचे मत आहे.

आठवड्याची आखणीही प्रामाणिकपणे करावी लागते. चार दिवस न्यूरोलॉजीची ओपीडी, दोन अर्धे दिवस प्रोसिजर. शिसाचा ॲप्रन घालून सुई मणक्याजवळ असताना लकव्याचा रोगी येऊन ठेपला तर काय, याचे उत्तर आधी तयार हवे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्या वेळात तो रोगी पाहणारा एमडी फिजिशियन नेमलेला नसेल तर प्रोसिजरचा दिवस ठेवूच नये. आणि सुईला जास्त पैसे मिळतात, तपासणीला कमी, हे उघड आहे. निदान हीच आपली विद्या आहे हे विसरणारा न्यूरोलॉजिस्ट या धंद्यात येऊन रोग्याचे नुकसानच करील, म्हणून आम्ही आमच्याच शाखेच्या लोकांना हे कळकळीने सांगतो.

यंत्रांचे म्हणाल तर सी-आर्म जिल्हा रुग्णालयांत बहुधा अस्थिरोग विभागाकडे असतो. तो आठवड्यातून दोन दुपारी मिळाला तरी काम सुरू होते. ॲप्रन आणि थायरॉइडचे कवच प्रत्येकाला, किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज प्रत्येकाच्या छातीवर, एक्स-रेची नळी टेबलाखाली आणि चित्र घेणारी बाजू रोग्याच्या शक्य तितकी जवळ. अल्ट्रासाऊंडने अनेक ब्लॉक किरणांशिवाय होतात, पण इथे गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा येतो. खांद्याच्या नसेसाठी वापरायचे यंत्रही त्याच नोंदणीखाली असते, आणि लहान पोर्टेबल यंत्र असेच गाडीत घालून गावोगाव नेता येत नाही. हा कायदा मुलींच्या जिवासाठी आहे, त्यात कुठेही ढिलाई नको. मात्र फक्त वरवरच्या नसा दाखवणारा लिनियर प्रोब असलेले, पोटाचा प्रोब न जोडता येणारे यंत्र सरकारी रुग्णालयात नोंदवायची स्वतंत्र, लवकर होणारी पद्धत आरोग्य विभागाला ठरवता येईल का, याचा विचार व्हावा.

रोग्यांना आमची विनंती आहे. इंजेक्शनाआधी विचारा: कुठल्या नसेसाठी, कुठले औषध, किती, यंत्राखाली की अंदाजाने? हे सगळे कागदावर लिहून मागा आणि तो कागद जपा. कण्याभोवती स्टेरॉइडची इंजेक्शने वर्षात तीनचारहून जास्त घेऊ नका. आणि डॉक्टरने पायातले बूट-चप्पल काढायला लावून पाय तपासलेच नाहीत, तर त्या दिवशी इंजेक्शन घेऊ नका.

वैद्यकीय शिक्षण विभागाकडे मागणी अशी: नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय महाविद्यालयांत वेदनाचिकित्सेचे बाह्यरुग्ण विभाग न्यूरोलॉजी व भूलशास्त्र यांनी मिळून चालवावेत, आणि फेलोशिपच्या पात्रतेत डीएम न्यूरोलॉजी हे शब्द स्पष्टपणे घालावेत.

आपले,
न्यूरोलॉजी व वेदनाचिकित्सेत काम करणारे डॉक्टर,
जि. यवतमाळ